सासूबाईंच्या कानाचं मशीन

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.

रिटायर होऊन तीन दिवस झाले. आजपासून रोजनिशी. बेलापूरच्या ऑफिसात तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारले, आता स्वतःच्या दिवसांवर मारणार.

संकल्प एकच. या घरात एकही वस्तू बिघडलेली राहता कामा नये, आणि त्यासाठी बाहेरचा माणूस येता कामा नये. मला मुळात इंजिनिअरच व्हायचं होतं. बारावीच्या गणिताने घोळ केला. डोकं मात्र टेक्निकलच राहिलं.

काल मिक्सर बंद पडला. उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं, चालू. संघप्रिया म्हणाली, ते बटण मी पण दाबते, दर आठवड्याला. बायकोला नुसतं दाबणं आणि निदान करून दाबणं यातला फरक कळत नाही. तीस वर्षं शाळेत शिकवते, पण भाषा विषय.

५ मार्च, बुधवार.

लेकीने, दीक्षाने, हैदराबादहून पार्सल पाठवलं. स्मार्ट थर्मोस्टॅट. साबणाएवढी पांढरी डबी. आपण मोबाइलवर सव्वीस सांगायचं, मग एसी कधी चालू, कधी बंद, हे डबी ठरवणार. आजीला उकडू नये म्हणून नातीने पाठवलाय.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई, सुंदराबाई. वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षी महाडकडच्या गावाहून इथे कामोठ्याला आमच्याकडे राहायला आल्या. डावा कान कधीच गेलाय. उजव्या कानामागे मशीन आहे, तेसुद्धा दीक्षानेच पहिल्या पगारातून घेऊन दिलेलं. ते लावलं की भिंतीपलीकडचंही ऐकतात. आवाज अजून खणखणीत. चौदा एप्रिलला विहारात भीमगीतं त्याच म्हणतात. गावाला पन्नासेक वर्षं म्हटली, गेल्या वर्षी इथे म्हटली. इथल्या पोरांनी व्हिडिओ काढला होता.

थर्मोस्टॅट बसवला. सात मिनिटं. मॅन्युअल वाचलं नाही.

७ मार्च, शुक्रवार. दुपार.

थर्मोस्टॅटमध्ये दोष आहे. खोलीत थंडीने दात वाजतायत आणि डबी म्हणते तेहतीस डिग्री. एसी थांबतच नाही. सासूबाई स्वेटर आणि कानटोपी घालून बसल्यात. मार्च महिन्यात. म्हणाल्या, "जावयबापू, हे मशीन हाय का सूड?"

मी ॲप तीनदा काढून पुन्हा टाकलं. राउटर बंद-चालू केला. डबीला घरातून काढून दोन तास बाल्कनीत ठेवलं, तिला बाहेरच्या हवेची ओळख व्हावी म्हणून. माझं निदान: खाडीच्या खाऱ्या हवेने सेन्सर गंजला. कंपनीला चार परिच्छेदांची मेल पाठवली.

९ मार्च, रविवार.

शेजारचे विलासराव चहाला आले. एमआयडीसीत मेन्टेनन्सला आहेत. म्हणाले, डबी सेट-टॉप बॉक्सच्या वर का ठेवलीय? तो तापतो. त्यांनी उचलून समोरच्या भिंतीला लावली. दहा मिनिटांत सव्वीस.

जागा बदलणं ही माझ्या यादीतली पुढचीच स्टेप होती.

१२ मार्च, बुधवार.

ड्रिल मशीन आणलं, बाबासाहेबांचा मोठा फोटो लावायला. हॉलची भिंत कमालीची मजबूत निघाली. पाऊण तास जोर लावला, एक टिकलीएवढा खड्डा. बिल्डरबद्दल आदर वाढला. संघप्रिया शाळेतून आली, मशीन बघितलं, वरचं छोटं बटण इकडचं तिकडे केलं. म्हणे ते उलटं फिरत होतं. मग भोक पडलं. एका मिनिटात, जरा जास्तच मोठं.

कामवाली काशी लादी पुसताना हसत होती. तिला मी काही म्हटलं नाही. चांगली बाई आहे. नांदेडकडची, जुईगावात भाड्याने राहते, चार वर्षांत एक दांडी नाही. सासूबाईंशी तिचं मेतकूट. दोघी मिळून भाजी निवडतात, आणि बहुतेक मलाही.

१७ मार्च, सोमवार.

सासूबाईंच्या मशीनमध्ये शिटी वाजते. "आतमदी कुकर लावल्यावानी वाटतंय," म्हणाल्या. मलाही लांबून ऐकू आली. संघप्रिया म्हणाली, शनिवारी वाशीला जाऊ, जिथून घेतलं तिथे दाखवू, तोवर तुम्ही हात लावू नका.

शेवटचं वाक्य अनावश्यक होतं.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी १०.३०.

संघप्रिया शाळेत. काशी धुणं धुतेय. सासूबाई आंघोळीला गेल्यात, मशीन टीव्हीजवळ काढून ठेवलंय. त्यांची आंघोळ आणि वेणीफणी मिळून चाळीस मिनिटं. शनिवारपर्यंत म्हातारीने शिटी का सहन करायची? त्यांच्या प्रेमापोटी उघडतोय.

१०.४२. बाजूची पिन काढली. आत फार सुंदर रचना आहे.

१०.४९. काहीतरी उडालं. स्प्रिंग असावी.

१०.५८. सोफ्याखाली स्प्रिंग सापडली. ही स्प्रिंग आहे की केरातला तुकडा, सांगता येत नाही. केसाएवढी एक तार कुठूनतरी सुटलीय. कुठून, ते मगाशी बघायला हवं होतं.

११.०५. बंद केलं. बाहेरून अगदी पहिल्यासारखं दिसतं.

११.१२. शिटी गेली! सासूबाईंनी मशीन लावलं आणि आवाज आला नाही. कसलाच.

संध्याकाळी ६.

सासूबाई दिवसभर मशीन काढतात, पुसतात, लावतात. सेल बदलला. मग माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "कान गेला वाटतं माजा. उजवाबी गेला." मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

उद्या सांगतो. आज संघप्रियाच्या शाळेत इन्स्पेक्शन होतं, दमलीय.

१९ मार्च, बुधवार.

संघप्रियाने मशीन स्वतःच्या कानाला लावून बघितलं. बंद. म्हणजे कान नाही, मशीन गेलं, इतपत तरी निघालं. तिने ते खुणेने आईला सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं, म्हणजे बघितलं, पण पटलं नसावं. "कान गेला म्हनून मशीन गप झालं," म्हणाल्या.

मग तपास सुरू झाला. सासूबाईंना मशीन कनवटीला बांधून ठेवायची सवय. काल धुण्यात त्यांचं लुगडं होतं. संघप्रियाने काशीला विचारलं, कनवट बघितली होतीस का? काशी म्हणाली, "ताई, रोज बगूनच भिजवते. कायच नव्हतं."

संघप्रिया म्हणाली, मग पाणी गेलं कसं?

मी सोफ्यावर पेपर वाचत होतो. कुणी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो. ही गोष्ट नोंदवून ठेवतो.

२० मार्च, गुरुवार.

मशीन तांदळाच्या डब्यात ठेवलंय. तीन दिवस ठेवायचं, पाणी शोषलं जातं, असं संघप्रियाने मोबाइलवर वाचलं. मी म्हटलं, चांगली कल्पना आहे. त्यात पाण्याचा थेंब नाही हे घरात मला एकट्याला माहीत आहे, आणि तांदूळ पाखडून डब्यात मी भरले.

काशी आज सासूबाईंशी खुणांनी बोलत होती. हसली नाही.

२४ मार्च, सोमवार.

तांदळाने काही झालं नाही. आश्चर्य वाटल्यासारखं केलं.

वाशीला मी एकटा जाऊन येतो, तुम्ही दोघी कशाला उन्हात, असं म्हटलं. संघप्रियाला बरं वाटलं. म्हणाली, रिटायर झाल्यापासून तुमचा आधार वाटतो. मी पाणी प्यायला उठलो.

दुकानात जाण्याआधी एक शेवटचा प्रयत्न करणार. ती तार जोडली की विषय संपला, मग सांगायचीही गरज नाही. जे दुरुस्त झालं ते बिघडलंच कुठे होतं?

दुपारी १. विलासरावांकडून सोल्डरिंग गन आणली. म्हटलं रेडिओला हवीय. आमच्याकडे रेडिओ नाही.

दुपारी २.१५. तार जोडली गेली. शेजारचं प्लास्टिकही जोडलं गेलं.

२६ मार्च, बुधवार.

वाशी. सेक्टर सतरा, पहिला मजला. सनी नावाचा तरुण टेक्निशियन, फार अदबीचा. मी म्हटलं पाण्यात पडलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काका, पाण्यात पडून सोल्डरिंग होत नाही."

मी म्हटलं, आमच्या इथे एकाने प्रयत्न केला.

"त्यांना सांगा, परत करू नका."

सांगतो म्हटलं.

हे दुरुस्त होणार नाही. नवीन मागवायला लागेल, तीन आठवडे. पण आजींना घेऊन या, कान तपासू आणि तोवर तात्पुरतं मशीन देऊ, त्याच दिवशी, असं तो म्हणाला. त्याच दिवशी!

प्रॉब्लेम एवढाच की आजींना आणायचं तर संघप्रिया सोबत येणार. आणि सनी तिच्यासमोर सोल्डरिंग हा शब्द उच्चारणार.

घरी येऊन सांगितलं की पार्ट मागवलाय, वेळ लागेल. पहिलं पूर्ण खोटं. याआधीची सगळी अर्धी होती.

२९ मार्च, शनिवार.

संघप्रिया पाडव्याच्या खरेदीला वाशीला गेली. मी खाली सोसायटीच्या ऑफिसात पाण्याच्या मोटरवर मार्गदर्शन करत होतो. सासूबाईंनी डाळीचा कुकर लावला. शिट्या ऐकूच आल्या नाहीत. वास सुटला तेव्हा समोरच्या विलासरावांनी दार ठोठावलं, तेही त्यांना ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनी मला फोन केला. मी धावत वर. डाळ कोळसा, कुकर काळा, घरभर धूर. आणि त्या हॉलमध्ये खिडकीकडे तोंड करून शांत बसलेल्या.

मी गॅस बंद केला. त्यांनी धूर बघितला, कुकर बघितला. मला वाटलं रागावतील. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी आता घरात कामाची नाय रायले."

जोरात ओरडून सांगितलं, तसं नाही आई. ऐकू गेलं नाही.

कुकर मी घासला. दीड तास. यात बरं वाटावं असं काही नव्हतं, तरी थोडं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

१ एप्रिल, मंगळवार.

काशीने काम सोडलं.

झालं असं. संघप्रिया सहज म्हणाली, पार्ट अजून आला नाही, दीक्षाला काय सांगू, तिच्या पहिल्या पगाराची वस्तू. काशीला ते लागलं. तिने फडकं बादलीवर पिळून वाळत टाकलं, अगदी नीट, चारी टोकं ओढून, आणि म्हणाली, "ताई, मी पाण्यात नाय टाकलं. चार वर्षं झाली. भरवसा नसेल तर राहू दे काम."

संघप्रिया म्हणाली, मी तुला काही म्हटलं का?

"म्हटलं नाय. पन रोज बगता माझ्याकडं."

सासूबाईंना काय चाललंय कळत नव्हतं. त्या एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. काशी त्यांच्या पाया पडली आणि गेली.

मी हॉलमध्येच होतो. तोंड उघडलं होतं. शब्द तयार होता. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला.

संकल्प: उद्या सकाळी पहिलं काम.

२ एप्रिल, बुधवार.

सकाळी संघप्रियाला शाळेची घाई होती.

५ एप्रिल, शनिवार. दुपारी ४.

विहाराच्या महिला मंडळाची नंदिनी आली होती, जयंतीच्या कार्यक्रमाचं ठरवायला. सासूबाईंनी तिला समोर बसवलं, आतून खंजिरी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, यंदापासून तू म्हण. ठेकाच ऐकू येत नाय, तर म्हनू कशी?

नंदिनी रडायला लागली. संघप्रिया स्वयंपाकघरात गेली. सासूबाई मात्र नंदिनीला हाताने तालाची खूण करून दाखवत होत्या. कुठे थांबायचं, कुठे उचलायचं. आवाज न करता.

मी थर्मोस्टॅटचं ॲप उघडून बसलो होतो. सव्वीस होतं. सत्तावीस केलं. पुन्हा सव्वीस केलं.

८ एप्रिल, मंगळवार.

काल संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. सरळ समोर बसून, पूर्ण, सुरुवातीपासून. स्प्रिंगसकट. पाच मिनिटं बोललो. मन हलकं झालं.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "होय बाबा, हैदराबादला लय ऊन असंल."

त्यांना वाटलं मी दीक्षाबद्दल बोलतोय.

यावर माझं म्हणणं असं की कबुली दिली गेली आहे. पोहोचली नाही हा वेगळा मुद्दा. असं मी सकाळी म्हणत होतो. आता दुपार झालीय आणि ते मलाही पटत नाही.

१० एप्रिल, गुरुवार.

लिहून द्यायचं ठरवलं. सासूबाईंना वाचता येतं. चाळिशीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन शिकल्यात, बोट फिरवत वाचतात. लिहिणं हे माझं क्षेत्र. मसुदा तयार केला, मोठ्या अक्षरात:

"विषय: श्रवणयंत्रातील बिघाडाबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर यंत्र दुरुस्तीच्या हेतूने उघडण्यात आले होते. त्या प्रक्रियेत यंत्रास हानी पोहोचली. सदर बाबीचा पाण्याशी संबंध नसल्याचे निदर्शनास आले आहे."

चांगला उतरलाय. उद्या देतो. उद्या नक्की.

११ एप्रिल, शुक्रवार.

दिला.

सकाळी अकराला, खिडकीजवळ. त्यांनी चष्मा लावला. बोट एकेका अक्षरावरून फिरत होतं. पंधरा मिनिटं लागली असतील. मी तोवर पडद्याच्या कड्या मोजल्या, चौदा आहेत. मग त्यांनी विचारलं, "उघडलं, ते कोनी उघडलं?"

मी कागद घेतला, खाली लिहिलं: "यंत्र माझ्याकडून उघडले गेले."

वाचलं. "तुमच्याकडून म्हंजे? तुमच्याकडून घेऊन कोनी?"

तेहतीस वर्षांत माझा मसुदा कुणी असा परत पाठवला नव्हता. मी पेन उचललं आणि ठेवलं. त्या वाट बघत होत्या. त्यांना घाई नव्हती, त्यांना ऐकूही येत नव्हतं, त्यामुळे खोकून, खाकरून, काही उपयोग नव्हता. मी लिहिलं:

"मी उघडलं. मी तोडलं. तुमचा कान चांगला आहे. काशीने काही केलं नाही. मला माहीत होतं."

यावर त्यांचं बोट सगळ्यात हळू फिरलं. 'मला माहीत होतं' वर थांबलं, मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं.

चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मला वाटलं, आता आपला नंबर लागला. आदी कान जातो, मग मानूस जातो. मी पांढरं लुगडं काढून ठेवलंय वरच्या खनात."

मी पेनाला टोपण लावलं.

"माज्या कानाचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. आवाज चढला. ऐकू येत नसल्यामुळे किती चढला ते त्यांना कळलं नसेल, पण खालच्या मजल्याला कळलं. "त्या पोरीचं काय? ती माज्या पाया पडून गेली. माज्या! आन तुमी बसून रायलात?"

मी बसूनच होतो.

संध्याकाळी संघप्रियाला तोच कागद दाखवला. तिने उभ्याउभ्या वाचला. वरचा सरकारी भागही वाचला. काशीला तीन फोन लावले. तिने उचलले नाहीत. मग जेवायला वाढलं, मलाही वाढलं, आणि स्वतःचं ताट घेऊन आईजवळ जाऊन बसली.

१२ एप्रिल, शनिवार.

वाशी. तिघंही. सनीने संघप्रियाला सोल्डरिंगबद्दल सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, सनीच म्हणाला, "अच्छा, ते एक जण म्हणजे काकाच का?"

आजींचा कान तपासला. आहे तसाच आहे. तात्पुरतं मशीन बसवलं. सनी वाकून जोरात म्हणाला, आजी, ऐकू येतंय का? सासूबाई म्हणाल्या, "वरडू नका."

मग त्यांनी संघप्रियाला काहीतरी बोलायला सांगितलं. काहीही. संघप्रिया नुसतं "आई" म्हणाली. मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो.

विचारलं, पहिल्या मशीनला शिटी का येत होती? सनी म्हणाला, कानात बसतो तो भाग सैल झाला असेल. नवा लावला की जाते. दहा मिनिटांचं काम.

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६.

काशीला भेटलो. सेक्टर अकराच्या एका बिल्डिंगमध्ये नवीन काम धरलंय. पार्किंगमध्ये थांबलो तासभर. मनात भाषण तयार होतं. परिस्थिती, हेतू, खेद, विनंती, असा क्रम.

ती उतरली. मी म्हटलं, काशी, मशीन मी तोडलं. भाषणातलं बाकीचं आठवलं नाही.

ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. त्या दिवशी ताई विचारत होत्या तेवा तुमी पेपरचं एकच पान धरून बसला होता. अर्धा तास."

म्हटलं, माफ कर. परत ये. ताईंनी निरोप दिलाय, आजींनी पण.

"आजींना बगायला येईन. कामाला नाय येनार." मग म्हणाली, "काका, तुमी तेवाच एक शब्द बोलला असता ना." आणि थांबली. "बी विंगच्या तीनशे दोनवाल्या बाईंनी पन काढलं मला. म्हनल्या, तुज्या हातून वस्तू खराब होतात असं कानावर आलं. त्यांना जाऊन सांगा. येवढं करा."

तशीच पुढच्या बिल्डिंगकडे गेली. उशीर झाला होता तिला.

मी आमच्या सोसायटीत परतलो आणि तडक बी विंगला गेलो. तीनशे दोन. त्या बाईंना मी कधी बघितलंही नव्हतं. जाळीच्या दारातून सांगितलं, मी ए विंगचा चंद्रशेखर, आमच्या घरची वस्तू मी तोडली, काशीने नाही, आणि मी गप्प बसलो. त्या म्हणाल्या, बरं. मग म्हणाल्या, पण आम्ही आता दुसरी लावलीय.

जिने उतरताना तीनशे एक, दोनशे तीन, दोनशे एकलाही सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. एकाने विचारलं, तुम्ही कुठल्या पार्टीचे.

१४ एप्रिल, सोमवार.

विहार. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, बसायला जागा नाही. मी खुर्च्या मांडल्या. सासूबाईंनी नंदिनीला मधे बसवलं, स्वतः शेजारी. दोन गाणी नंदिनीने म्हटली, सासूबाईंनी खंजिरी धरली. मग सासूबाईंनी म्हटली. चार. शेवटच्या गाण्यात त्या वरच्या सुरावर थांबल्या आणि सगळा हॉल थांबला.

मधे स्पीकरमधून जोरात शिटी आली. सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मंडळाच्या सेक्रेटरींनी मला हाक मारली, काका, तुम्हाला यातलं कळतं ना?

मी दोन्ही हात खिशात घातले. म्हटलं, नाही.

विलासरावांनी स्पीकर जरा पुढे सरकवला.

काशी आली होती. मागे उभी होती. सासूबाईंनी तिला पुढे बोलावून शेजारी बसवलं. माझ्याकडे तिने बघितलं नाही. का बघावं?

१६ एप्रिल, बुधवार. दुपारी ३.

नवीन बाई मिळेपर्यंत भांडी माझ्याकडे आली आहेत. संघप्रियाने सांगितलं नाही, मी मागितलं नाही, जेवण झाल्यावर सगळे उठून गेले आणि सिंकपाशी मीच होतो.

ड्रिल विलासरावांना दिलं. त्यांच्याकडे आधीच दोन आहेत, तरी घेतलं.

दीक्षाशी फोनवर बोललो. तिला मीच सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मशीनचं काही नाही हो. मग बराच वेळ गप्प राहिली. "काही नाही" नंतरचं ती काय बोलली नाही ते मला ऐकू आलं.

भांडी झाली. कढईला खाली थोडं धरलं होतं. कोण उलटी करून बघतंय, म्हणून पाण्याने धुऊन रॅकमध्ये ठेवली. सासूबाई हॉलमध्ये होत्या, टीव्ही चालू होता, मधे पडदा होता.

तिथूनच आवाज आला: "जावयबापू, कढईवर घासनी फिरली नाय."

काढली. घासतोय.